निरोगी माणसाचं नख

पुसेगाव, ता. हिंगोली, जि. परभणी
४ डिसेंबर १९७७

चि. जनका,

मामाचा आशीर्वाद आणि जयभीम. पत्र हातात पडलं की आधी शेवटची ओळ वाचायची ही तुझी लहानपणापासूनची खोड. म्हणून इथेच सांगून टाकतो, आम्ही दोघंही जिवंत आहोत. आता सावकाश वाच.

तुझ्या मामीच्या हाताची बोटं सकाळी निळी पडतात. पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं नव्या लुगड्याचा रंग उतरला, म्हणून राख घेऊन घासायला लागलो. ती ओरडली, "अवं, बोट हाये माजं, तांब्या न्हाई!" रंग काही निघाला नाही. घासून थोडा लाल झाला आणि मग परत निळा.

ती म्हणते काही नाही, थंडी आहे. पण थंडी तर दरवर्षी येते. मला झोप लागेना. शेवटी बाजाराच्या दिवशी रामकिशनच्या बैलगाडीतून तिला जवळच्या गोरेगावला नेलं. तिथे हिंगोलीचे एक डॉक्टर येऊन बसतात. त्यांनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाले, वय झालं की कोणाकोणाच्या बोटांपर्यंत रक्त नीट पोचत नाही, मग तिथे प्राणवायू कमी पडतो आणि रंग बदलतो. हात गरम ठेवा, लक्ष ठेवा. ओठ आणि जीभ निळी दिसली तर मात्र वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात न्या.

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाबा, तुमचीही छाती पाहू का?" मी म्हणालो, पेशंट ती आहे. मला थोडा दम लागला होता, तो दवाखान्याच्या पायऱ्या चढल्यामुळे. तीन पायऱ्या आहेत.

माझा थोरला भाऊ नरसिंग मोठ्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी गेला आणि गाडीत झाकून आला, ते तुला माहीत आहे. मी स्वतः तिथे कधी पाऊल टाकणार नाही. पण तुझ्या मामीसाठी लागलं तर टाकीन.

आता मला एवढं सांग की लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं? मी चौथी पास, तीही निजामाच्या काळातली, उर्दूतून. तू औरंगाबादच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहेस. मला समजेल असं लिही.

पत्र टाकायला मीच जातो. आपलं पोस्ट पूर्वी जवळ होतं. आहे तिथेच आहे, पण आता मध्ये दोनदा बसावं लागतं, एकदा लिंबाखाली आणि एकदा चावडीच्या ओट्यावर. माणसं भेटतात, बरं वाटतं.

तुझा
भिवाजी मामा

*

औरंगाबाद
११ डिसेंबर १९७७

ती. मामांना सप्रेम जयभीम.

काळजी करू नका असं मी लिहिणार नाही. तुम्ही त्या वाक्याचीही काळजी कराल. त्यापेक्षा काम सांगते.

रक्त छातीतून प्राणवायू उचलतं आणि अंगभर वाटत जातं. भरलेलं रक्त लाल असतं, रिकामं झालेलं जांभळट. आमच्याकडे मनगटाच्या धमनीतून थोडं रक्त काढून यंत्रावर तपासतात, म्हणजे शंभरात किती भरलेलं आहे ते कळतं. पुसेगावात यंत्र नाही, पण तुमचे डोळे आहेत.

रोज दिवसाच्या उजेडात, उंबऱ्याशी बसून, मामीच्या बोटाचं नख दाबा. पांढरं होईल. सोडा आणि मोजा. मोजताना घाई करू नका. ताकाच्या रवीचा एक फेरा होतो तेवढ्या वेळाचा एक आकडा. तीन आकड्यांच्या आत रंग परत आला तर रक्त बरं पोचतंय. पाच-सहाच्या पुढे गेलं तर मला कळवा.

रंगाचं एक ध्यानात ठेवा. एकट्या नखाकडे पाहिलं की डोळा फसतो. म्हणून मामीच्या नखाशेजारी निरोगी माणसाचं नख धरा आणि दोन्ही ताडून पाहा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात पाहू नका.

आणि मामीला सांगा, मामांचं ऐक. एवढे पंधरा दिवस तरी.

तुमची
जनका

*

पुसेगाव
१९ डिसेंबर १९७७

चि. जनका, आशीर्वाद आणि जयभीम.

तू सांगितल्याप्रमाणे आठ तारखा झाल्या... नाही, पत्र सोळाला मिळालं, म्हणजे चारच दिवस झाले. पण मी दिवसातून दोनदा पाहतो, म्हणून आठ वाटतात.

सकाळी तुझी मामी भांडी घासून आली की तिला उंबऱ्यावर बसवतो. नख दाबतो, सोडतो, मोजतो. पहिल्या दिवशी सात आले. दुसऱ्या दिवशी सहा. ती म्हणते मी भराभरा मोजतो. मी म्हणालो, ताकाच्या रवीसारखंच मोजतोय. तर म्हणाली, "जन्मात कधी रवी धरली व्हय तुमी?" मग तिला रवीचा दोर ओढायला लावला आणि मी पाहून घेतलं. आता बरोबर जमतं. तरी सहाच येतात.

पण रंगाचं मात्र समाधान आहे. निरोगी माणसाचं नख म्हणून मी माझंच धरलं. घरात तिसरं कोण आहे? दोन्ही नखं उन्हात शेजारी शेजारी ठेवली. थोडी निळसर झाक तिच्याला आहे, तशीच माझ्याला आहे. अगदी जोडीची. मी चार वेळा पाहिलं. म्हणजे भिण्यासारखं काही नाही ना?

शेजारची कमलबाई कुंपणावरून म्हणाली, "केशरबाई, नवरा हात सोडंना तुजा, या वयात!" तुझी मामी म्हणाली, "नखं पाहून सोयरीक ठरवून राहिले. मला दुसरा नवरा पाहतेत." अशी माणसं आहेत इथे. माझ्या जिवाला घोर आणि यांना थट्टा.

सहाचं काय करायचं ते लगेच कळव.

भिवाजी मामा

*

औरंगाबाद
२६ डिसेंबर १९७७

ती. मामांना सप्रेम जयभीम.

तुमची नोंद चांगली आहे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली इतक्या बारकाईनं लिहीत नाहीत.

चूक माझीच झाली, एक गोष्ट सांगायची राहिली. थंड पाण्यात हात घातले की रक्त बोटं सोडून आत पळतं, गावात पाव्हणा आला की काम चुकवणारा गडी पळतो तसं. मामी भांडी घासून येते आणि तेव्हाच तुम्ही पाहता. त्या वेळी नख खरं बोलत नाही. दुपारी पाहा. आधी दोघांचेही हात कोमट पाण्यात भाकरी भाजून होईल एवढा वेळ ठेवा, पुसा, मग मोजा.

आणि जीभ पाहा. थंडीनं बोट फसवतं, जीभ फसवत नाही. ती तोंडात गरमच असते. बोट निळं आणि जीभ लाल असेल तर रक्तात प्राणवायू भरपूर आहे, फक्त बोटांपर्यंतची वाट अरुंद झाली आहे, एवढाच अर्थ. त्याला हातमोजे आणि चुलीची ऊब पुरते. जीभही निळी असेल तर मात्र रक्तच रिकामं आहे.

तुमची
जनका

*

पुसेगाव
३ जानेवारी १९७८

चि. जनका,

हे पत्र मिळताच उत्तर लिही. शक्य असेल तर वाचता वाचताच लिहायला घे.

तुझ्या मामीचं काहीतरी बिघडलं आहे. तू सांगितलंस तसे दुपारी कोमट पाण्यात हात ठेवले, तिचे आणि माझे, एकाच घमेल्यात. पुसले. तिचं नख दाबलं, सोडलं, आणि मी दोन म्हणायच्या आत रंग परत आला. इथपर्यंत ठीक. पण रंग कसा? लाल! गुलाबी म्हण हवं तर. माझ्या नखाशेजारी धरलं तर जमीन-अस्मानाचा फरक. माझं जसं सकाळी होतं तसंच आहे, आणि तिचं एकदम वेगळं. सकाळी दोन्ही सारखी होती ना? मग दुपारी तिचंच काहून बदललं?

जीभ पाहिली. तिची जीभ लाल पेरूच्या गरासारखी. मग आरसा आणून माझी पाहिली, ताडायला. माझी पिकल्या जांभळासारखी. म्हणजे दोन्ही ठिकाणी फरक आहे. मला वाटतं तिला आतून ताप आहे, किंवा रक्त डोक्यात चढत असेल. ऐकलंय, रक्त जास्त झालं की माणूस लाल होतो आणि एकाएकी पडतो.

तिला विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, भूक लागली. भूक लागणं हेही लक्षण असतं का?

तू म्हणालीस तर तिला औरंगाबादला आणतो. हे पत्र रामकिशनकडे देतो आहे, तो बाजाराला निघालाय. दोन दिवस मी पोस्टाकडे गेलो नाही. लिंबापर्यंत जाऊन परत आलो. थंडीत छाती भरते, एवढंच.

भिवाजी मामा

*

औरंगाबाद
८ जानेवारी १९७८

आदरणीय शेषराव गुरुजींना सप्रेम जयभीम.

मी जनका, भिवाजी मामांची भाची. तिसरीत तुम्ही मला पाढे शिकवले होते. हे पत्र मामांना दाखवू नका, एवढी विनंती आधी करते.

मामा महिनाभर मामीच्या नखांवर लक्ष ठेवून आहेत आणि निरोगी माणसाचं नख म्हणून स्वतःचं धरतात. त्यांनी हे मला पंधरा दिवसांपूर्वीच लिहिलं होतं. मी वाचलं आणि पुढे गेले. वॉर्डात मी पन्नास माणसांची जीभ पाहते, पण मामा आजारी असू शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता त्यांनी लिहिलंय की मामीची जीभ त्यांच्यापेक्षा लाल आहे, म्हणून मामी आजारी.

गुरुजी, मामांनी हिंगोलीच्या कापसाच्या जिनात, सरकी वेगळी करायच्या यंत्रावर, एकतीस वर्षं काढली. मी त्यांच्याकडे हिंगोलीला शिकायला होते तेव्हा ते संध्याकाळी घरी यायचे आणि भुवया, पापण्या, कान सगळं कापसानं पांढरं असायचं. मला वाटायचं, मामा दिवसभरात म्हातारा झाला. आंघोळ केली की परत तरुण व्हायचा. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी त्यांची छाती हमखास आवळायची. ते म्हणायचे, सुटीमुळे शरीर लाडावतं.

तुम्ही मामीजवळ बसून एवढंच विचाराल का? मामा आडवे झोपतात का? चालताना किती ठिकाणी बसतात? पाय सुजतात का? विडी सुटली का? मामी सांगेल तसंच लिहून पाठवा.

तुमची विद्यार्थिनी
जनका

*

पुसेगाव
१४ जानेवारी १९७८

(शेषराव गुरुजींच्या हस्ते. केशरबाई बोलल्या तसं लिहिलं आहे.)

जनका पोरी,

गुरुजींनी तुजं पत्र वाचलं. तुजे मामा रामकिशनच्या वट्ट्यावर गेलेत, तवर सांगते.

आडवं व्हत न्हाईत. दिवाळीपासून सरकीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपतेत. काहून म्हनलं, तर म्हनतेत, तुज्यावर ध्यान ठेवून राहिलो. माज्यावर काय ध्यान? घोरतेत सोता.

पाय संध्याकाळी सुजतेत. बोट दाबलं की खड्डा ऱ्हातो. म्हनतेत, वहाण लहान झाली. विडी सुटली न्हाई, मला दिसू नये म्हनून गोठ्यामागं जातेत. परत येतेत तवा बोलता येत न्हाई, हातानं पानी मागतेत.

माज्या बोटाचं म्हनशील, तर माजी माय बी अशीच थंड हाताची व्हती. हिवाळ्यात तिची बोटं निळी व्हायची, अन ती नव्वद वर्सं जगली. मला काय बी तकलीफ न्हाई. पर हे माजं नख धरून बसतेत, अन मी बसू देते. काहून सांगू? तेवढा येळ ते हलत न्हाईत, त्येंच्या जिवाला इसावा भेटतो. मी त्येंचंच नख पाहते. मला मोजता येत न्हाई, पर रंग कळतो. सुरमई हाये. दोन सालापासून हाये.

म्या दोनदा म्हनलं, तुमीच दवाखान्यात चला. तर चार दिवस जेवले न्हाईत. नरसिंग भाऊजींचं त्येंच्या मनात बसलंय. सोतासाठी ते येनार न्हाईत, पोरी. माज्यासाठी येतील. मला आजारी कर अन बोलव.

तुजी मामी
केशरबाई

*

औरंगाबाद
१८ जानेवारी १९७८

ती. मामांना सप्रेम जयभीम.

तुम्ही फरक अचूक टिपलात. दोन नखांत आणि दोन जिभांत इतका फरक असणं बरं नाही. मी इथल्या मोठ्या डॉक्टरांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, या गृहस्थांनी रंग नीट पाहिलाय, दोघांनाही घेऊन या.

'दोघांनाही' हा शब्द नीट वाचा. मामीच्या रक्ताचा आकडा यंत्रावर येईल, पण तो कशाशी ताडायचा? तुम्ही घरी जसं केलंत तसंच इथेही करावं लागेल. त्यामुळे तुमच्या मनगटातलंही थोडं रक्त लागेल. तुम्ही आला नाहीत तर मामीची तपासणी अर्धी राहील.

हिंगोलीहून सकाळच्या गाडीनं निघा, पूर्ण्याला गाडी बदला. रामकिशनला हिंगोलीपर्यंत सोबत घ्या, मामीला पिशव्या उचलू देऊ नका आणि तुम्हीही उचलू नका, कारण तुमचे हात मामीला धरायला मोकळे हवेत. औरंगाबादच्या स्टेशनवर मी उभी असेन. शक्यतो याच महिन्यात या.

तुमची
जनका

*

पुसेगाव
२३ जानेवारी १९७८

चि. जनका, आशीर्वाद आणि जयभीम.

येतो. एकोणतीस तारखेला निघतो. तुझी मामी एका शब्दानं नाही म्हणाली नाही, यावरूनच तिचं दुखणं किती आहे ते ओळख. एरवी तिला गावाबाहेर काढायचं म्हणजे म्हशीला माळवदावर चढवणं.

माझ्या रक्ताला माझी हरकत नाही. निरोगी माणसाचं रक्त कामी येत असेल तर चांगलंच आहे. पण घेताना मला आडवं पाडू नका. आडवं पडलं की मला कसंतरी होतं. आणि तुझ्या मामीला एकटीला कुठल्या खोलीत नेऊ नका. नरसिंगला असंच एका दारातून आत नेलं होतं आणि मला म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा. मी अजून बाहेरच थांबलो आहे असं कधी कधी वाटतं.

पूर्ण्याला गाडी बदलायला किती वेळ मिळतो? पूल चढावा लागतो का? किती पायऱ्या आहेत? तुझ्या मामीसाठी विचारतोय.

भिवाजी मामा

*

औरंगाबाद
२ एप्रिल १९७८

ती. मामांना सप्रेम जयभीम.

दवाखान्यातून घरी जाऊन तुम्हाला महिना होऊन गेला. गुरुजींच्या पत्रातून कळतं की तुम्ही औषध वेळेवर घेता, विडी बंद आहे, आणि पोतं सोडून दोन उशांवर झोपता. हे सगळं मला गुरुजींकडून कळावं, याचा अर्थ तुम्ही रागावला आहात.

मी तुम्हाला फसवलं. मामी आजारी आहे असं एकदाही लिहिलं नव्हतं, पण तुम्हाला तसं वाटू दिलं, ते त्याहून वाईट. तुम्ही तुमच्या रक्ताचा, शंभरात शहात्तरचा, कागद हातात धरून खुर्चीत बसला होतात आणि माझ्याकडे पाहत नव्हतात, तेव्हा मला वाटलं, मामा उठून निघून जातील. तुम्ही बावीस दिवस राहिलात. त्या बावीस दिवसांत माझ्याशी औषधाशिवाय काही बोलला नाहीत.

मला तुमची वाट पाहायची सवय आहे. जिनाचा भोंगा वाजला की मी दारात येऊन बसायची, आठवतं ना? तशीच आता टपालाची वाट पाहते आहे.

तुमची
जनका

*

पुसेगाव
२० एप्रिल १९७८

चि. जनका, आशीर्वाद आणि जयभीम.

आधी शेवटची ओळ वाचू नकोस. या वेळी तिथे काम आहे.

रागावलो होतो, पण तुझ्यावर नाही. इतके दिवस कोणावर ते मलाच कळत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

त्या दिवशी तुझ्या मामीचं रक्त आधी काढलं. शंभरात सत्त्याण्णव. मी म्हणालो, आता माझं घ्या, आणि मनगट असं पुढे केलं जसं पाटलानं सहीला करावं. कागद आला, शंभरात शहात्तर. मी त्या मुलीला म्हणालो, बाई, कागद उलटे झाले, आजारी ती आहे. तिनं बिचारीनं दुसऱ्यांदा काढलं. पुन्हा तेच. मी तुझ्या मामीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर जराही नवल नव्हतं. म्हणाली, "बसा आता. हिकडं मला आत नेनार न्हाईत, तुमाला नेतील. मी दाराशी हाये. मला कोनी बाहेर थांब म्हनून दाखवावं." आणि खरंच, कोणाची टाप झाली नाही.

घरी आल्यावर मी विचार करत राहिलो की मला माझं नख निरोगी वाटलंच कसं? माझे डोळे तर चांगले आहेत. कापसातली दाणाभर सरकी मला लांबून दिसते. मग एक दिवस उंबऱ्यावर बसलो असताना उमगलं. जिनात आम्ही चाळीस माणसं होतो. दुपारच्या सुटीत एका रांगेत बसून भाकरी खायचो. चाळीसांचे हात माझ्या नजरेसमोर रोज होते, आणि चाळीसांची नखं याच रंगाची होती. कोणी धापा टाकल्या तर आम्ही म्हणायचो, कामाचा माणूस आहे. कोणाची नखं लाल दिसली तर म्हणायचो, नवा आहे, अजून काम लागलं नाही. एकतीस वर्षं आम्ही एकमेकांची नखं पाहून निरोगी होतो.

आता इथलं सांगतो. पहाटे नाही, दुपारी, उंबऱ्याशी, तुझी मामी माझं नख पाहते. शेजारी स्वतःचं धरते. तिला आकडे येत नाहीत, पण रवीचा दोर ओढल्यासारखी मान हलवते आणि मोजते. परवा म्हणाली, "सुरमई गेली, कवळ्या वांग्यावर आलं." म्हणजे सुधारणा आहे. जयंतीच्या मिरवणुकीत मी चावडीपर्यंत चाललो. एकदाच बसलो, तेही ओट्यावर गर्दी होती आणि जागा मिळाली म्हणून. हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे. बरं होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलंय, ते माझ्या ध्यानात आहे. पण आहे ते टिकलं तर मला चालेल.

आता काम.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून ग्यानबा आला होता. तुला आठवेल, जिनात माझ्या बाजूच्या यंत्रावर असायचा, तुला कापसाची बाहुली करून दिली होती. मला पाहायला आला. अंगणातून ओसरीवर आला आणि बराच वेळ बोललाच नाही, मिशीवरून हात फिरवत राहिला. मी म्हणालो, काय रे, दम लागला? म्हणाला, "न्हाई, ऊन लई हाये." मी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला आणि तो पिईपर्यंत त्याची बोटं पाहून घेतली. या दिवसांत पत्रा हाताला चटका देतो. थंडीचं निमित्त कोणाच्याच बोटांना नाही. तरी त्याची नखं माझ्या डिसेंबरातल्या नखांसारखी होती.

मी त्याला काहीच बोललो नाही. बोललो असतो तर तो चहा न पिताच उठला असता. मी त्याला ओळखतो, कारण तो माझ्यासारखाच आहे. मी एवढंच म्हणालो की मला औरंगाबादला परत तपासणीला बोलावलंय, आणि माझं रक्त ताडून पाहायला दवाखान्याला एक निरोगी माणूस हवा आहे. जिनातलाच असला तर उत्तम. तो ताठ बसला. म्हणाला, "मंग बराबर मानसाला इचारलंस, भिवाजी. आपल्याला आजवर कधी सुई लागली न्हाई."

एक तारखेला सकाळच्या गाडीनं निघतो. पूर्ण्याच्या पुलाला किती पायऱ्या आहेत ते मला आता माहीत आहे, आम्ही दोघं मध्ये बसू. तू स्टेशनवर उभी राहा. त्याच्यासमोर यंत्राचं नाव काढू नकोस, आणि दाराशी तो म्हणाला की मी बाहेर थांबतो, तर थांबू देऊ नकोस.

सोबत तुझी मामी येते आहे. तिचं नख लागेल.

तुझा
भिवाजी मामा